पॅक्ड बाय हौसाबाई

अंजूर गावात कुणाच्या घरी इंग्रजी कागद आला की तो आधी केसरीनाथच्या ओटीवर यायचा. विजेच्या मीटरची नोटीस असो, बँकेचा फॉर्म असो, नाहीतर शेतात गोदाम बांधणाऱ्याने पाठवलेला करार असो. केसरीनाथ चष्मा पुसायचा, कागद उलटसुलट करायचा, एकदा उजेडाकडे धरायचा आणि म्हणायचा, "ठेवून जा. उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी तो सांगायचाही, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. त्यामुळे गावात त्याला सगळे ‘सायब’ म्हणायचे.

खरी गोष्ट अशी होती, की केसरीनाथ दहावीला इंग्रजीत नापास झाला होता. एकदा नाही, दोनदा. तिसऱ्यांदा तो बसलाच नाही. गावाला त्याने पास झालो म्हणून सांगितलं, आणि त्या काळी गुणपत्रिका मागून बघणारं गावात कुणी नव्हतं. पुढे गोदामात डिस्पॅचच्या टेबलावर सत्तावीस वर्षं गेली. तिथे खोक्यांवरचं इंग्रजी रोज वाचून वाचून शब्द ओळखीचे झाले, पण रस्त्यात रोज भेटणाऱ्या माणसांसारखे. चेहरा माहीत, नाव माहीत, घरात काय चाललंय ते ठाऊक नाही. गावातला कागद खिशात घालून तो गोदामात न्यायचा, जेवणाच्या सुट्टीत तिथल्या अकाउंटंटला हळूच दाखवायचा, आणि संध्याकाळी गावात साहेब व्हायचा.

निवृत्त झाला आणि हा आधार सुटला, त्यालाही सात वर्षं झाली होती. तरी कागद येतच राहिले. काही तो अंदाजाने सांगे, काहींना "यात काय नाय, जपून ठेव" म्हणे. घरात नात होती, उन्नती. भिवंडीच्या कॉलेजात बी.कॉम. करत होती, मैत्रिणींशी फोनवर फडाफडा इंग्रजी बोलायची. तिला विचारलं असतं तर काम दोन मिनिटांचं होतं. पण ती शाळेत असताना एकदा तिने सहज विचारलं होतं, "आजोबा, तुम्हाला दहावीला इंग्लिशमध्ये किती होते?" आणि केसरीनाथच्या तोंडून निघून गेलं होतं, "पासष्ट." त्या पासष्टनंतर तिला काही विचारायची सोय राहिली नव्हती.

हे सगळं असंच चाललं असतं आणि कुणाचं फारसं बिघडलंही नसतं. पण मार्च महिन्यात त्याची वहिनी हौसाबाई हातात एक कागद घेऊन आली.

हौसाबाई म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची, बाळारामची बायको. बाळाराम जाऊन नऊ वर्षं झाली. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत, त्यामुळे मिरची भाजली जाई हौसाबाईच्या घरात आणि शिंका येत केसरीनाथला. तिच्या मसाल्याचं नाव अंजुरातच नाही तर काल्हेर-कशेळीपर्यंत होतं. लग्नाची हळद असली की माणसं आधी मंडपवाल्याकडे जायची आणि नंतर हौसाबाईकडे. मिरच्यांचे देठ ती स्वतः काढणार, तीन उन्हं स्वतः दाखवणार, धणे वेगळे, खसखस वेगळी, दगडफूल वेगळं, एकेक जिन्नस आपल्या हाताने भाजणार. मसाला कुटायला कामतघरच्या डंकावर नेला की तिथे पालथ्या डब्यावर बसून राहणार. डंकाच्या खलात आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला चिकटून असतो, तो निघावा म्हणून पहिले ओंजळभर धणे ती कुटून घ्यायची आणि टाकून द्यायची. डंकवाला हसायचा. ती म्हणायची, "हास तू. माझ्या मसाल्यात दुसरीचा हात नको."

आता गावातल्या अकरा बायकांच्या बचत गटाने हाच मसाला पाकिटात भरून विकायचं ठरवलं होतं. टेमघरला एका हॉलमध्ये बचत गटांचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं, आणि भरवणाऱ्यांनी सांगितलं होतं, पाकिटावर सगळं इंग्रजीत पाहिजे. आत काय आहे, वजन किती, तारीख, आणि खाली करणाऱ्याचं नाव आणि गाव.

"भावजी, येवढा लिवून दे," हौसाबाई म्हणाली. "आणि खालती माझा नाव टाक. हौसाबाईनं केलाय, असा."

"गटाचं नाव नको?"

"गटाचा वरती मोठ्या अक्षरांत हायच. बायकांनीच ठरवलाय, करनारनीचा नाव खालती पायजे म्हनून." मग जरा थांबून, पदराने तोंड पुसत म्हणाली, "पन शब्द जरा भारी टाक. ठान्याची मानसं येनार हायत."

चाळीस वर्षं ती मसाला करत होती, आणि तिचं नाव कशावर ठळक छापलं जाण्याची ही पहिलीच वेळ. तिच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा ‘चि. बाळाराम यांचा शुभविवाह’ एवढंच मोठं आणि तिचं नाव कोपऱ्यात, तेही सासरकडून बदललेलं. केसरीनाथला हे सगळं माहीत होतं. म्हणून तो म्हणाला, "ठेवून जा. उद्या सांगतो."

बाकीचं जमलं. तिखट म्हणजे चिली, धणे म्हणजे कोरिअँडर, ग्रॅम, डेट. अडलं ते ‘केलाय’पाशी. त्याला ‘मेड’ तेवढा येत होता, पण तो पाचवीच्या पुस्तकातला शब्द. वहिनीने भारी मागितला होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी तो भिवंडीत मंडईजवळच्या एका मोठ्या किराणा दुकानात गेला आणि पाकिटांच्या पाठी वाचायला लागला. खिशातल्या लहान डायरीत एकेक शब्द उतरवून घ्यायचा, पाकीट जागेवर ठेवायचा, दुसरं उचलायचा. पाऊण तास झाल्यावर दुकानातला माणूस जवळ आला.

"चाचा, चेकिंग में आए हो क्या?"

"नाही, नाही."

"फिर पीछे क्या पढ़ रहे हो? लोग तो आगे का दाम पढ़ते हैं."

केसरीनाथने ओशाळून एक साबण विकत घेतला आणि बाहेर पडला.

डायरीत सहा शब्द जमले होते. बिस्किटावर ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’, पापडावर ‘मेड बाय’, लोणच्यावर ‘प्रोसेस्ड बाय’, फरसाणावर ‘प्रिपेअर्ड बाय’, मधावर ‘प्रोड्यूस्ड बाय’ आणि चहावर ‘पॅक्ड बाय’. सगळेच खायचे पदार्थ, सगळेच कुणीतरी केलेले. मग शब्द सहा कशाला, हे त्याला कळेना. त्याची समजूत झाली, की अर्थ एकच असणार, मान कमीजास्त असेल. भाकरी, चपाती, पोळी, रोटी असं.

मग ओटीवर बसून त्याने एकेक शब्द तपासला. तपासायला त्याच्याकडे डिक्शनरी नव्हती, भिवंडी होती. ‘मॅन्युफॅक्चर’ म्हणजे कापडाच्या लूमचा खडखडाट, कारखाना, यंत्र. वहिनीच्या हाताला तो शब्द लावणं त्याला बरं वाटेना. ‘प्रोसेस’ तर नकोच. भिवंडीत कापड प्रोसेसला गेलं म्हणजे रंगवायला गेलं, आणि मसाल्याच्या पाकिटावर ते वाचून माणसं म्हणाली असती, तिखटात रंग आहे. ‘प्रिपेअर्ड बाय’ गोदामातल्या प्रत्येक बिलाच्या खाली असायचं, बिल लिहिणाऱ्या कारकुनाच्या सहीपाशी. वहिनी काही बिल लिहीत नव्हती. ‘प्रोड्यूस’ म्हटलं की त्याला सिनेमाच आठवे.

राहिला ‘पॅक्ड बाय’. आणि ह्या शब्दापाशी केसरीनाथ थांबला. गोदामात प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी असायची. त्यावर छापलेलं असायचं ‘पॅक्ड बाय’, आणि पुढे पेनाने एका माणसाचं नाव. साऱ्या खोक्यावर माणसाचं नाव म्हणून तेवढंच. बाकी कंपन्यांची. आत माल कमी निघाला, फुटका निघाला, की त्या नावाच्या माणसाला बोलावलं जाई. चांगला गेला तर त्याच माणसाला पुढचं जोखमीचं काम मिळे. सत्तावीस वर्षांत त्याने पाहिलेला हा एकच शब्द होता ज्याच्यापुढे जिवंत माणूस उभा असायचा. वहिनीच्या नावाआधी हाच शोभेल.

त्याने कोऱ्या कागदावर मोठ्या, सुट्या अक्षरांत सगळा मजकूर लिहिला. शेवटी ‘पॅक्ड बाय हौसाबाई, अंजूर’. आणि त्याला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं.

छापायचं काम कामतघरला होतं, रामनाथच्या प्रेसमध्ये. एका चाळीच्या तळमजल्यावर त्याची एक खोली. दोन्ही बाजूंना लूम, त्यामुळे आत बोलायचं ते ओरडूनच. रामनाथ चाळिशीचा, मऊ स्वभावाचा माणूस. त्याने कागद वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"काका, पॅक्ड बाय? काकी स्वतः मसाला करतात ना?"

"करते तर. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही."

"नाही, मग मला वाटलं, इथे जरा..."

ह्या क्षणी केसरीनाथ म्हणू शकला असता, की बाबा, तुला काय वाटतं? पण इतक्या वर्षांची सवय तोंडावर आली. "सत्तावीस वर्षं मी काय गोदामात झाडू मारत होतो? लिहिलंय तसं छाप."

"बरं काका," रामनाथ म्हणाला, आणि कागद भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवला.

पाकिटं लालबुंद, देखणी निघाली. हौसाबाईने पहिलं पाकीट हातात घेऊन विचारलं, "यातला माझा नाव कनचा?" केसरीनाथने बोट ठेवून दाखवलं. तिने त्या जागेवरून अंगठा फिरवला. घरी नेऊन ते रिकामं पाकीट तिने बाळारामच्या फोटोच्या चौकटीत खोचलं.

प्रदर्शनाचे पहिले दोन दिवस चांगले गेले. टेबलामागे हौसाबाई आणि तिची शेजारीण ठकुबाई. ठकुबाईचं तोंड म्हणजे उघडी मिरची. गिऱ्हाईक नुसतं वास घेऊन पुढे गेलं की ती मागून म्हणायची, "वास फुकट हाय, नाक घरी घेऊन जा." केसरीनाथ मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असायचा. इंग्रजीत काही विचारलं तर असावा माणूस, म्हणून बायकांनी त्याला आग्रहाने आणलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याचा एक दुकानदार आला. त्याची दोन दुकानं होती, आणि घरगुती मसाले ठेवायची त्याला आवड होती. त्याने चिमूटभर मसाला तळहातावर घेतला, चोळला, हुंगला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"ताई, तिरफळ आहे यात."

हौसाबाईचा चेहरा फुलला. "वळखलात! लय कमी लोकांना कलतं."

"मला दर महिन्याला पाहिजे. पन्नास किलो जमेल?"

ठकुबाईने टेबलाखालून हौसाबाईला चिमटा काढला. हौसाबाई काही बोलायच्या आत दुकानदाराने पाकीट उलटं केलं आणि मागचं वाचायला लागला. वाचता वाचता त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे तुम्ही फक्त भरता होय? मसाला कुणाचा आहे?"

"माझा."

"तसं नाही. बनवतं कोण?"

"मीच! माझ्या हातानं करते मी. चालीस वर्सं झाली."

"ताई, इथं वेगळं लिहिलंय." तो दुकानदार वाईट माणूस नव्हता, त्याचा आवाजही चढला नव्हता. "इथं लिहिलंय, हौसाबाईंनी नुसता पाकिटात भरला. केला दुसऱ्या कुणीतरी. आता बाजारातून पोती आणून पाकिटं भरणारे खूप आहेत, त्यात पाप काही नाही. पण मग तसं सांगायचं. मी केला म्हणून कशाला सांगायचं?"

आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायका बघायला लागल्या. एक जण दुसरीच्या कानाशी लागली. हौसाबाईने पाकीट हातात घेतलं. त्यावरचं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. तिने ते तसंच मागे वळून केसरीनाथपुढे धरलं.

"भावजी, वाच तर. काय लिवलाय ह्याच्यात?"

केसरीनाथ उभा राहिला. त्याला शब्द दिसत होता, त्याच्याच अक्षरांतून आलेला, आणि आता पहिल्यांदा त्याचा अर्थ कळत होता. खोक्यातली ती चिठ्ठी आठवली. तिच्यावर नाव असलेल्या माणसाने कधी काही केलेलं नव्हतं. फक्त भरलं होतं. सत्तावीस वर्षं हे समोर होतं.

"प्रेसवाल्यानं चुकवलं," तो म्हणाला.

"मी लिहून दिलं ते वेगळं होतं," तो पुढे म्हणाला. एकदा खोटं निघालं की दुसरं आपसूक येतं.

दुकानदाराने मान हलवली, पाकीट खाली ठेवलं, "बघू, नंतर सांगतो," म्हणाला आणि गेला. हौसाबाईने टेबलावरची सगळी पाकिटं, मागची बाजू खाली येईल अशी, एकेक करून आडवी ठेवली. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांशी ठकुबाईच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकुबाई पदर खोचून तयार. "चल ग हौसा. त्या मेल्याचा प्रेसच बंद करते. सायब, तू पन चल. तू लिवून दिलेला तूच सांग त्याला."

नाही म्हणायला कारण सापडेना. रिक्षात तो पुढे, चालकाच्या बाजूला अर्धा लटकून बसला, बायकांची तोंडं दिसू नयेत म्हणून. प्रेस बंद असू दे, एवढीच तो वाटभर प्रार्थना करत होता. प्रेस उघडा होता.

ठकुबाईने दारातच सुरुवात केली. लूमच्या आवाजावर तिचा आवाज चढला, तेव्हा शेजारच्या कारखान्यातले दोघे कामगार बाहेर येऊन उभे राहिले. "आंधला हायस काय र? लिवलेला वाचता येत न्हाय तं प्रेस कशाला घातलास? बाईनं चालीस वर्सं मिरचीत डोले घातले, आणि तू तिला भरनारीन केलीस! ठान्याचा गिऱ्हाईक गेला, चारचौघांत तोंड काला झाला. तुझ्या आईला असा कुनी बोलला असता तं?"

रामनाथ गोंधळून बघत राहिला. हळूहळू त्याच्या लक्षात आलं. त्याने भिंतीकडे पाहिलं. तारेला कागद टोचलेले होते आणि केसरीनाथच्या मोठ्या, सुट्या अक्षरांतला कागद वरून तिसरा होता. हात उंच केला असता तर मिळाला असता. मग त्याने दारात उभ्या केसरीनाथकडे पाहिलं.

केसरीनाथने मान खाली घातली.

"चूक झाली असेल, काकी," रामनाथ म्हणाला. "घाईत होतं काम. मी सगळी पाकिटं नवीन छापून देतो. माझ्याकडून."

"देशील नाय तं काय!" ठकुबाई म्हणाली. हौसाबाई तेवढ्यात इतकंच म्हणाली, "लोकांच्या नावाशी खेलू नये, बाबा." ते शिवीपेक्षा जास्त लागलं, आणि लागलं ते रामनाथला, ज्याने काही केलं नव्हतं.

त्यानंतरचे दोन दिवस केसरीनाथ ओटीवर आलाच नाही. उन्नतीने विचारलं, "आजोबा, बरं नाही का?" तो म्हणाला, ऊन बाधलं. आडवं पडलं की डोळ्यांसमोर रामनाथची ती नजर यायची. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे त्याच्याचसाठी संकोच होता, म्हाताऱ्या माणसाचं नेसूचं सुटलेलं पाहावं आणि दुसरीकडे बघावं तसा. आयुष्यभर ज्या गोष्टीची भीती होती, ती एका परक्या माणसाला कळली होती आणि त्याने तिच्यावर पांघरूण घातलं होतं. त्याची किंमत तो माणूस स्वतःच्या नावाने देत होता. आणि केसरीनाथ घरात, भिंतीकडे तोंड करून.

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाईने भिंतीपलीकडून हाक मारली. तो गेला. ती मागच्या अंगणात ताडपत्रीवर मिरच्यांचे देठ काढत बसली होती. बाजूला एक कोरा कागद आणि पेन ठेवलेलं.

"प्रेसवाल्याचा निरोप हाय. लिवून पाठवा म्हनतो, छापतो. भावजी, या वेलेला नीट मोठा लिव. त्या येड्याला समजेल असा."

केसरीनाथ उकिडवा बसला. पेन उचललं. टोपण काढलं. कागदावर टोक टेकवलं, आणि हात हलेना. कोणता शब्द लिहायचा हेच त्याला अजून ठाऊक नव्हतं. एक चुकीचा, हे कळलं होतं. उरलेल्या पाचांतला बरोबर कोणता, हे आजही त्याला सांगता येत नव्हतं. पुन्हा अंदाजाने टाकायचा? पुन्हा चुकला तर पुन्हा रामनाथ?

"वयनी," तो म्हणाला.

"हां."

"तो शब्द प्रेसवाल्यानं नाही टाकला. मी लिहिलेला."

देठ काढणारी बोटं चालूच राहिली.

"त्यानं मला विचारलं होतं. हे बरोबर आहे का म्हणून. मीच त्याला गप्प केला. माझा कागद त्याच्या भिंतीवर आहे अजून. तुम्ही त्याला बोलत होतात तेव्हा त्यानं तो बघितला, काढला नाही." आता थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "मला इंग्रजी येत नाही, वयनी. कधीच येत नव्हती. दहावीला मी दोनदा नापास झालो. दादाला माहीत होतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही."

हौसाबाईची बोटं थांबली. तिने मिरची खाली ठेवली. तो ताडपत्रीकडे बघत होता. मिरचीच्या खकाण्याने डोळ्यांना पाणी येतच होतं, त्यामुळे पुसण्याची लाज नव्हती.

"माझा शब्द चुकला, त्याचा काय न्हाय," ती म्हणाली. "मना तरी कुठं वाचता येतो. पन मी त्या पोराला बोलले, भावजी. माझ्या तोंडानं. ठकूनं त्याची आय काढली. आणि तू दारात उभा राहून ऐकलास."

"हो."

"दोन दिस तू घरात झोपून होतास आणि मी उन्नतीला इचारत होते, भावजींना बरा न्हाय काय म्हनून. पेज करून पाठवलेली मी." तिचा आवाज कापला. "ऊठ. कापडं घाल. ठकूला पन बोलव. जिच्यासमोर झालाय तिच्यासमोर सांगाचा."

ठकुबाईला तिने वाटेत काही सांगितलं नाही. ह्या वेळी रिक्षात केसरीनाथला हौसाबाईने मागे, आपल्या शेजारी बसवलं.

रामनाथ त्यांना बघून उठला. चेहऱ्यावर, आता आणखी काय, असं. लूम चालू होते, त्यामुळे केसरीनाथला जे पुटपुटून सांगायचं होतं ते ओरडून सांगावं लागलं.

"चूक तुझी नव्हती! माझी होती! कागद माझा होता!"

रामनाथने एकदम हात हलवले. "काका, राहू द्या. झालं ते झालं. बसा, चहा सांगतो."

"नाही. ह्यांना दाखव. काढ तो कागद."

रामनाथ काढेना. शेवटी केसरीनाथने स्वतः तारेवरून कागद काढला आणि ठकुबाईपुढे धरला. तिलाही वाचता येत नव्हतं. पण अक्षर कुणाचं ते तिला कळत होतं, तिच्या बँकेचे सगळे फॉर्म ह्याच अक्षरात होते. तिने कागदाकडे पाहिलं, मग केसरीनाथकडे. तिने काहीतरी म्हणावं म्हणून तो थांबला होता. ती रामनाथकडे वळून म्हणाली, "बाबू, माझा चुकला. मी लय बोलले," आणि केसरीनाथकडे पाठ करून उभी राहिली.

"तू तवा का न्हाय सांगितलास, बाबा?" हौसाबाईने रामनाथला विचारलं.

"काकी, वडिलांच्या वयाचे आहेत. सगळ्यांसमोर कसं सांगायचं?"



मग रामनाथ कॉम्प्युटरवर बसला आणि म्हणाला, "बरं, आता शब्द कोणता टाकू?" आणि सवयीने तिघांनीही केसरीनाथकडे पाहिलं. ठकुबाईनेसुद्धा, मान वळवून. त्याच्या डायरीत सहा शब्द होते, डायरी खिशात होती.

"मला माहीत नाही," केसरीनाथ म्हणाला. लूमच्या आवाजात ते ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला, "मला माहीत नाही! उन्नतीला विचारू."

फोन लावला तो त्यानेच. उन्नती कॉलेजच्या पायऱ्यांवर होती. त्याने तिला सगळं सांगितलं, पासष्टसुद्धा. मग ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ टाका. हाताने केलं तरी पाकिटावर तोच लिहितात. आणि करणारी, भरणारी एकच असेल तर ‘मॅन्युफॅक्चर्ड अँड पॅक्ड बाय’."

"तो यंत्राचा शब्द आहे ना ग?"

"नाही, आजोबा. तुम्ही मला विचारायचं होतं."

फोन ठेवल्यावर हौसाबाईने विचारलं, "काय म्हनली?"

"केला पण तुम्ही आणि भरला पण तुम्ही, असं लिहायचं."

"मंग तसाच तं हाय," ती म्हणाली.

रामनाथने एक नमुना छापून काढला. "ह्या वेळी खाली सही लागेल, काका. तपासलं म्हणून," तो ओशाळून म्हणाला आणि कागद सवयीनेच केसरीनाथपुढे केला. केसरीनाथने हात मागे घेतले. कागद हौसाबाईपुढे गेला. तिला फक्त सही करता येत होती, बचत गटात शिकलेली. टेबलावर वाकून, एकेक अक्षर दाबून ती ‘हौसाबाई’ लिहायला लागली. काना द्यायला विसरली, मागे जाऊन दिला. रामनाथ आणि ठकुबाई तिच्या हाताकडे बघत होते.

तिला अडलं तर सांगता यावं म्हणून रामनाथ थोडा जवळ सरकला होता. केसरीनाथ सरकला नाही. तो दारापाशी, चपलांच्या जवळ उभा राहिला, आणि तिची सही पूर्ण होईपर्यंत त्याला कुणी आत बोलावलं नाही.